बेल्जियन बिअर, टक्के न बघता

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर वाद नको. जगातली एक नंबरची म्हणून गाजलेली वेस्टव्लेटेरन १२, म्हणजे बेल्जियममधल्या एका मठातली काळी बिअर (१२ हे नाव, टक्के नाहीत), तशी एक नंबरची वगैरे काही नाहीये. चांगली आहे, फारच चांगली आहे, पण तिच्यासाठी सगळी ट्रिप वाकडी करायची, ब्रसेल्सच्या टूरिस्ट दुकानात एका बाटलीला जेवणाएवढे पैसे मोजायचे आणि मग स्टेटसला फोटो ठेवायचा, एवढी नाही. तेवढ्याच पैशात इथल्या साध्या सुपरमार्केटमधून एक ऑर्वाल, एक वेस्टमाले ट्रिपेल (सोनेरी, स्ट्राँग बिअर) आणि एक बऱ्यापैकी ग्यूझ (आंबट बिअर) येते आणि त्या तीन बाटल्यांत बेल्जियमची बिअर काय चीज आहे ते जास्त कळतं.

मी नोकरीनिमित्त लुव्हेनमध्ये राहतो. स्टेला आर्त्वाचं गाव. इथे जुनी युनिव्हर्सिटी आहे, चिप्सचं मोठं रिसर्च सेंटर आहे, त्यामुळे मराठी पोरंपोरी भरपूर, आणि शनिवारी संध्याकाळी कोणाच्या ना कोणाच्या घरी टेबलावर बाटल्या मांडल्या जातात, एकेक उघडून सगळ्यांत थोडी थोडी वाटायची, आणि मग जेवण गार होईपर्यंत भांडायचं. खाली जे लिहिलंय ते त्या भांडणांतून उरलेलं माझं मत. बाकीच्यांना पटेलच असं नाही, आमच्यातल्या एका नागपूरकराला तर गोड क्रीक, म्हणजे चेरीच्या बिअरशिवाय काहीच आवडत नाही आणि तो तसं छाती ठोकून सांगतो.

भारतातून कोणी आलं की पहिला प्रश्न ठरलेला: स्ट्राँग कुठली, किती टक्के? त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या परमिट रूममध्ये बिअरच्या जाती दोनच, माइल्ड आणि स्ट्राँग, आणि स्ट्राँग म्हणजे आठ टक्क्यांपर्यंतची, गोडसर, बर्फासारखी गार करून दिलेली, चव लागायच्या आत डोक्यात जाणारी. मग मेनूवर ९.५ टक्के, १०.२ टक्के, ११.३ टक्के असले आकडे दिसले की माणूस हरखणारच. पण इथे आठ टक्के म्हणजे मधल्या फळीतली बिअर. त्यामागे एक कायदासुद्धा आहे, १९१९ साली बेल्जियमने कॅफेत जिनसारखी कडक दारू विकायला बंदी घातली आणि ती बंदी पुढे १९८० च्या दशकापर्यंत टिकली, लोकांना काहीतरी जोरदार तर पाहिजेच होतं, मग ब्रुअरीवाल्यांनी बिअरच जड करायला घेतली. बाकीची कारणंही असतील पण त्या कायद्याने या स्ट्राँग बिअरींना चांगलाच हात दिला.

म्हणजे आकडा बघून इथे काहीच कळत नाही. मी एकच गोष्ट बघतो, घोट गिळल्यावर तोंड कोरडं होतं की चिकट राहतं. कोरडं झालं तर हात आपोआप परत ग्लासकडे जातो. चिकट राहिलं तर पहिला अर्धा ग्लास वा वा आणि उरलेला अर्धा कसाबसा संपवायचा. आणि यात एक गंमत आहे जी मला इथे येईपर्यंत माहीत नव्हती, बेल्जियन लोक उकळत्या बिअरमध्ये सरळ साखर घालतात, आणि त्याने बिअर गोड नाही, उलट कोरडी होते. कारण माल्टमधली (म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली) सगळीच साखर यीस्टला पचत नाही, थोडी मागे राहते आणि तीच जिभेला जडपणा देते, पण साधी साखर यीस्ट पूर्ण फस्त करतं, मागे काही ठेवत नाही, फक्त अल्कोहोल वाढतं आणि अंग हलकं राहतं. म्हणून नऊ टक्क्यांची ट्रिपेल आपल्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँगपेक्षा हलकी लागते. आणि म्हणूनच ती घातकी आहे, तिसऱ्या ग्लासनंतर उठताना कळतं.

तर ट्रिपेलपासूनच सुरू करू. वेस्टमाले ट्रिपेल, ९.५ टक्के. १९३४ मध्ये वेस्टमालेच्या मठाने पहिल्यांदा काढली, १९५६ मध्ये रेसिपी थोडी बदलून हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) वाढवले आणि तेव्हापासून तीच चालू आहे, जगात जिथे कुठे ट्रिपेल नावाची बिअर बनते ती हिची नक्कल. रंग सोनेरी, फेस पांढराशुभ्र आणि ग्लासच्या कडेला चिकटत खाली उतरतो, वास थोडा पिकल्या केळ्याचा आणि संत्र्याच्या सालीचा, पहिल्या घोटाला वाटतं गोड आहे, आणि मग मागून असा काही कडसरपणा येतो की सगळा गोडवा पुसून टाकतो. पैसा वसूल. सुपरमार्केटमध्ये दोन युरोच्या आसपास मिळते, त्यात बाटली परत केली की काही सेंट परत.

तिच्याशेजारी ट्रिपेल कार्मेलिट ठेवून बघा. ८.४ टक्के, बार्ली, गहू आणि ओट्स अशी तीन धान्यं, १६७९ च्या मठातल्या रेसिपीवरून केली असं लेबलवर लिहिलेलं असतं पण बाजारात आली १९९६ मध्ये. नवीन माणसाला दोन्ही दिल्या तर दहातले आठ जण कार्मेलिट निवडतात, कारण ती मऊ आहे, व्हॅनिलासारखा वास आहे, फेस एकदम मलईदार, कुठेच टोचत नाही. मलापण सुरुवातीला तीच आवडायची. पण अख्खी बाटली एकट्याने संपवा आणि मग सांगा. ती अर्ध्यावर गोड वाटायला लागते, वेस्टमाले शेवटच्या घोटापर्यंत तशीच राहते. बायकोचं म्हणणं अजूनही कार्मेलिटच बेस्ट, त्यामुळे घरात दोन्ही असतात.

डुव्हल ही ट्रिपेल नाही पण याच गल्लीतली. ८.५ टक्के. रंगाने अगदी साध्या लागरसारखी (आपली नेहमीची पिवळी बिअर) फिकट, त्यामुळे नवखा माणूस ती लागरसारखीच ढोसतो आणि फसतो. हिची खरी मजा फेसात आहे. ३३ सेंटिलिटरची बाटली हळूहळू ओतली तरी त्यांचा तो मोठा ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास काठोकाठ भरतो, ग्लासच्या तळाला डी अक्षर कोरलेलं असतं, त्या कोरीव खडबडीवरून बुडबुड्यांची रेघ सतत वर येत राहते आणि फेस मरत नाही. घरच्या स्टीलच्या पेल्यात ओतून बघितली आहे, अर्धी टेबलावर गेली. डेलिरियम ट्रेमेन्सही ८.५ च, गुलाबी हत्तीवाली, पांढऱ्या ठिपक्याठिपक्यांची बाटली, फोटोला एक नंबर. पण डुव्हल कोरडी आणि नेटकी, डेलिरियम जरा मसालेदार आणि गोड, आणि दोघींत निवडायचं तर माझं मत डुव्हलला, यात विचार करण्यासारखं फार काही नाही.

आता काळ्या बिअरी, जिथे सगळा गोंधळ आहे.

ट्रॅपिस्ट म्हणजे काय ते आधी थोडक्यात. ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मठाच्या आवारात, तिथल्या साधूंच्या देखरेखीखाली बनलेली आणि नफा मठाच्या खर्चाला आणि दानधर्माला जाणारी, अशी बिअर असेल तरच बाटलीवर तो षटकोनी शिक्का लागतो. बेल्जियममध्ये असे मठ सहा होते, आखेलच्या मठात साधूच उरले नाहीत म्हणून २०२१ मध्ये त्यांचा शिक्का गेला, आता पाच राहिले: वेस्टमाले, वेस्टव्लेटेरन, ऑर्वाल, शिमे, रोशफोर. बाकी लेबलवर कितीही मठ, घुमट आणि दाढीवाले बाबा असू देत, ते नुसतं चित्र. लेफ घ्या, नावामागे खरा मठ आहे पण बिअर बनते इथे लुव्हेनमध्ये स्टेलाच्याच मोठ्या कारखान्यात. म्हणून लेफ वाईट असं नाही, पण गोड आहे आणि मी विकत घेत नाही.

वेस्टव्लेटेरनची कथा अशी की २००५ मध्ये एका अमेरिकन बिअर वेबसाइटने हिला जगातली सर्वोत्तम बिअर ठरवलं आणि मठाबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या. साधूंनी ठरवलं की आम्ही उत्पादन वाढवणार नाही, आम्ही मठ चालवण्यासाठी बिअर करतो, बिअरसाठी मठ चालवत नाही. झालं, मग काय, भाव गगनाला. नियमाने बघितलं तर आधी बुकिंग करून मठाकडूनच क्रेट घ्यायचा आणि तो पुढे कोणाला विकायचा नाही असं वचन द्यायचं असतं. तरीपण ब्रसेल्सच्या त्या गर्दीच्या गल्ल्यांमधल्या दुकानांत बाटल्या सर्रास दिसतात, दहा युरोच्या वर, कधी त्याहून बऱ्याच वर. एका दुकानात मला तर जुनाट, उन्हात शेल्फवर ठेवलेली बाटली याच भावात दिली होती, चव ओल्या पुठ्ठ्याची. दुकानाचं नाव नको, तशी बरीच आहेत.

मठासमोर त्यांचंच एक कॅफे आहे, इन दे व्रेडे नावाचं, तिथे बसून प्यायला काही बुकिंग लागत नाही. जायचंच असेल तर तिथे जा, सगळीकडे शेतं, हॉप्सचे उंच खांब, सायकलवाले आजी-आजोबा, आणि १२ बरोबर त्यांची ५.८ टक्क्यांची ब्लाँड घ्या, हिरव्या झाकणाची. माझ्या मते ती ब्लाँडच त्या मठाची सगळ्यात दुर्लक्षित बिअर आहे, कडू, कोरडी, ताजी, आणि कोणी तिच्याविषयी बोलत नाही कारण टक्के कमी!

१२ म्हणजे पिवळं झाकण, १०.२ टक्के. खजूर, मनुका, अंजीर, थोडी काकवी, थोडं चॉकलेट, आणि एवढं सगळं असून तोंडात चिकटत नाही. ठीक. आता सिंट बर्नार्डस आब्ट १२ घ्या, १० टक्के. ही वाटाऊ नावाच्या गावात बनते, मठापासून सायकलने जाण्याइतक्या अंतरावर. दुसऱ्या महायुद्धानंतर वेस्टव्लेटेरनच्या साधूंनी बाहेर विकायच्या बिअरीचं काम याच ब्रुअरीला दिलं होतं, १९४६ पासून १९९२ पर्यंत ती बिअर मठाच्या नावाने इथेच बनायची, रेसिपी मठाची, यीस्ट मठाचं. १९९२ मध्ये करार संपला, नाव गेलं, पण बिअर बनवणारे हात आणि यीस्ट वाटाऊमध्येच राहिलं. आणि मठवाले? ते आता वेस्टमालेच्या मठातून यीस्ट आणतात. म्हणजे जुनी वेस्टव्लेटेरन कोणाला म्हणायचं हा प्रश्नच आहे, आणि ज्या बाटलीचं सुपरमार्केटमध्ये दोन-अडीच युरोत काम होतं तिला लोक सेकंड क्लास समजतात कारण तिच्यावर शिक्का नाही.

आम्ही दोन्ही डोळे झाकून प्यायलो, म्हणजे एकाने स्वयंपाकघरात ओतून आणायच्या आणि बाकीच्यांनी ओळखायच्या. अर्ध्यांनी उलट सांगितलं. शांतपणे शेजारी ठेवून प्यायलं तर फरक कळतो, बर्नार्डस थोडी जास्त फळांची आणि मसालेदार, वेस्टव्लेटेरन थोडी खोल आणि शेवटी जास्त कोरडी. पण पाचपट पैशाचा फरक? अजिबात नाही.

रोशफोर १० वेगळं प्रकरण आहे. ११.३ टक्के, निळं झाकण. ही थंडीच्या दिवसात, जेवण झाल्यावर, दोघांत एक बाटली अशी घ्यायची. फ्रीजमधून काढून लगेच ओतली तर नुसता अल्कोहोलचा चटका लागतो, वीस मिनिटं बाहेर राहू द्या मग कॉफी, भाजलेली साखर, काळी द्राक्षं सगळं एकेक करून वर येतं. तीच गत सगळ्या काळ्या बेल्जियन बिअरींची, बर्फगार प्यायल्या तर अर्धी चव मेलेली असते. माझी आवड मात्र रोशफोर ८, ९.२ टक्के, हिरव्या झाकणाची. १० चा सगळा मसाला आहे पण ग्लास संपेपर्यंत दमायला होत नाही. शिमे ब्लू, ९ टक्के, सगळीकडे मिळते, १९४८ मध्ये नाताळची खास बिअर म्हणून सुरू झाली होती, पहिली ट्रॅपिस्ट म्हणून उत्तम, पण या चौघींत मला ती चौथी वाटते. जरा पातळ. त्यांचं चीज मात्र जरूर घ्या, शिमेच्या बिअरमध्ये साल धुतलेलं असतं ते.

वेस्टमाले डुबेल, ७ टक्के, तपकिरी. मटणाच्या सुक्क्याबरोबर या सगळ्यांत हीच चालते हे आमचं एकमताने ठरलंय, भाजलेलं खोबरं आणि कांद्याच्या वाटणाशी हिचा भाजका गोडवा जमतो आणि बुडबुडे तेलकटपणा कापतात. कोल्हापुरी तिखट जास्त झालं तर मात्र कुठलीच स्ट्राँग बिअर घेऊ नका, अल्कोहोलने तिखट दुप्पट लागतं, तिथे साधी लागरच बरी.

आता ऑर्वाल. हिच्याबद्दल मला थोडं जास्त लिहायचंय.

ऑर्वालचा मठ पार दक्षिणेला, फ्रान्सच्या सीमेजवळच्या जंगलात. ब्रुअरी १९३१ ची, मठ पुन्हा उभा करायला पैसा हवा म्हणून काढलेली, आणि बाजारात विकायला बिअर एकच. एक बिअर, एक बाटली, एक ग्लास. ६.२ टक्के. म्हणजे टक्के बघणारा माणूस हिच्याकडे वळूनही बघत नाही. बाटली खाली फुगीर आणि वर निमुळती, लेबलवर अंगठी तोंडात धरलेला मासा, कारण माटिल्डा नावाच्या काउंटेसबाईंची अंगठी झऱ्यात पडली होती आणि माशाने आणून दिली अशी दंतकथा.

हिची गंमत दोन गोष्टींत. एक म्हणजे बिअर तयार झाल्यावर टाकीत पुन्हा कोरडे हॉप्स सोडतात, त्यामुळे ताज्या बाटलीला गवताचा, लिंबाच्या पानाचा, फुलांचा वास असतो. दुसरं म्हणजे बाटलीत भरताना ब्रेटॅनोमायसिस नावाचं एक रानटी यीस्ट जातं जे हळूहळू, महिनोन् महिने, साध्या यीस्टने सोडून दिलेली साखरही खात बसतं. म्हणजे बिअर बाटलीत बदलत राहते. लेबलवर भरल्याची तारीख असते, ती बघून घ्यायची. तीन महिन्यांच्या आतली असेल तर कडू आणि ताजी. सहा महिने-वर्ष झालं की कडूपणा उतरतो आणि एक विचित्र वास येतो, ओल्या चामड्याचा, तबेल्याचा. पहिल्यांदा प्यायलो तेव्हा बिअर खराब झाली असं वाटलं होतं आणि आमच्यातल्या दोघांचं अजूनही तेच मत आहे. पण मग घोट गिळला की तोंड असं काही कोरडं आणि स्वच्छ होतं की दुसरा घोट घेतल्याशिवाय राहवत नाही. काही कॅफेत विचारतात, कोवळी देऊ की जुनी? दोन्ही मागवा. एकच बिअर, दोन वयांची, शेजारीशेजारी, याहून चांगली तुलना बेल्जियममध्ये दुसरी नाही. आमच्या जिन्याखालच्या कपाटात मी कायम काही बाटल्या तारीख लिहून ठेवतो, कपाटात झाडू ठेवायला जागा नाही यावरून घरात बोलणी खातो.

चखण्याला भडंग किंवा भाजणीची चकली. कडू आणि तळलेलं मस्त जमतं. इथले लोक चीजचे तुकडे मोहरीच्या सॉसमध्ये बुडवून खातात, तेही झकास. फ्राइज घेत असाल तर एक सांगून ठेवतो, बेल्जियममध्ये पारंपरिक फ्राइज गाई-बैलांच्या चरबीत तळतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं, वनस्पती तेलवाली दुकानंही असतात.

आंबट बिअर हा शेवटचा मोठा विषय आणि इथे निम्मे पाहुणे गळतात. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेची सेन नदीच्या खोऱ्यातली गावं, इथे लँबिक बनते, तिच्यात यीस्ट घालतच नाहीत. कांतियॉनची ब्रुअरी ब्रसेल्समध्ये मिदी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर आहे, अँडरलेख्त भागात, १९०० सालची, १९७८ पासून ती ग्यूझचं म्युझियमही आहे, तिकीट काढून फिरता येतं आणि शेवटी चाखायला मिळते. माझ्या मते ब्रसेल्समध्ये बिअरसाठी एकच ठिकाण बघायचं असेल तर हे. माळ्यावर, छपराखाली, तांब्याची एक भलीमोठी उथळ परात आहे, धान्याचा उकळलेला गरम रस रात्रभर त्यात उघडा ठेवतात, खिडक्यांच्या फटींतून हवा येते, हवेतले यीस्ट आणि जीवाणू आपोआप पडतात, सकाळी तो रस लाकडी पिंपांत. बस. हे फक्त थंडीच्या महिन्यांतच जमतं, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, उन्हाळ्यात हवेत नको ते जीव जास्त असतात. पिंपांवर कोळ्यांची जाळी लटकत असतात आणि ती मुद्दाम झाडत नाहीत कारण कोळी फळमाशा खातात. हे ऐकून आमच्या सासूबाईंनी जे तोंड केलं ते मी विसरणार नाही.

हॉप्स जुने, वाळवून ठेवलेले वापरतात, कडूपणासाठी नाही तर बिअर टिकण्यासाठी. धान्यात तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त कच्चा गहू. मग एक, दोन आणि तीन वर्षांची लँबिक मिसळून बाटलीत भरायची, कोवळ्या लँबिकमधली उरलेली साखर बाटलीत आंबते आणि बुडबुडे तयार होतात, तीच ग्यूझ. अल्कोहोल साधारण साडेपाच टक्के, अंग पातळ, चव लिंबू, कच्चं सफरचंद, ओलं लाकूड, आणि आंबटपणा असा की गालफडं आत ओढली जातात. बिअर म्हणून प्यायलात तर वैतागाल. मी पाहुण्यांना सांगतो, ही बिअर आहे हे विसरा, छोट्या ग्लासात घ्या, आणि तिसऱ्या घोटापर्यंत मत देऊ नका.

घरी प्यायला मी बूनची औदे ग्यूझ घेतो, ७ टक्के, कांतियॉनपेक्षा मवाळ आणि गोल, सुपरमार्केटमध्ये मिळते आणि किमतीच्या मानाने मला ही अख्ख्या देशातली सगळ्यात स्वस्त मेजवानी वाटते. लेबलवर औदे हा शब्द बघा, तो असला म्हणजे आत खरी लँबिक आहे, वरून गोड केलेली नाही. हाच नियम क्रीकला. क्रीक म्हणजे चेरी घालून मुरवलेली लँबिक. लिंडेमान्सची साधी क्रीक ३.५ टक्के, गोड, लाल, सरबतासारखी, आमच्या नागपूरकराची आवडती. औदे क्रीक घेतली तर चेरी आहे पण साखर नाही, बियांचा बदामासारखा किंचित कडू वास, आणि भरपूर आंबट. कोकम सरबत बिनसाखरेचं पिणाऱ्या माणसाला ही लगेच पटते, हे बघितलंय.

रोडनबाख ग्रां क्रू यांची चुलत बहीण, फ्लँडर्सची तांबूस आंबट बिअर, ६ टक्के. दोन तृतीयांश भाग दोन वर्षं मोठमोठ्या उभ्या लाकडी पिंपांत मुरलेला, अशी २९४ पिंपं आहेत त्यांच्याकडे, उरलेला भाग ताजा. चिंचेसारखी आंबटगोड, थोडा व्हिनेगरचा वास. ग्यूझ जड जाणाऱ्याने आधी ही घ्यावी.

हुगार्डनबद्दल दोन ओळी पुरे. गहू, धने आणि कडू संत्र्याची साल, ४.९ टक्के. १९५० च्या दशकात गावातली शेवटची गव्हाची ब्रुअरी बंद पडली होती, १९६० च्या दशकात पिएर सेलिस या दूधवाल्याने ती बिअर परत सुरू केली, १९८५ मध्ये त्याच्या ब्रुअरीला आग लागली आणि पुढे ती मोठ्या कंपनीकडे गेली. पुण्यातल्या मायक्रोब्रुअरीत बेल्जियन विट (गव्हाची बिअर) म्हणून जी मिळते ती सगळी याच दूधवाल्याची पुण्याई. खरं सांगायचं तर पुण्यात चांगल्या दिवशी मिळणारी ताजी विट मला बाटलीतल्या हुगार्डनपेक्षा जास्त आवडते.

कॅफेबद्दल. ब्रसेल्सच्या डेलिरियम कॅफेचा २००४ मध्ये गिनेस रेकॉर्ड झाला होता, २,००४ प्रकारच्या बिअर, त्यामुळे प्रत्येक जण तिथेच जातो. शनिवारी रात्री तिथे मेनू नीट बघायलाही जागा मिळत नाही, दुपारी जा. गेंटमध्ये दुले ग्रीट म्हणून आहे, तिथे त्यांची खास बिअर लांब ग्लासात मागवली तर अनामत म्हणून तुमच्या पायातला एक बूट घेतात आणि टोपलीत घालून छताला टांगतात, मोजे फाटके असतील तर विचार करा. पाणी फुकट मिळेल असं धरून चालू नका, बऱ्याच ठिकाणी बाटलीचे पैसे पडतात. प्रत्येक बिअरला तिचाच ग्लास, तो नसेल तर वेटर तुम्हाला आधी विचारेल. शेजारच्या टेबलावर सोळा-सतरा वर्षांची मुलं बिअर पिताना दिसली तर दचकू नका, इथे बिअरला वय १६ चालतं, आपल्याकडे महाराष्ट्रात २१. आणि २०१६ मध्ये युनेस्कोने इथल्या बिअर संस्कृतीला वारसा यादीत घेतलं हे तुम्हाला प्रत्येक गाइड सांगेल, पण बहुतेक बेल्जियन माणूस रोज संध्याकाळी युपिलर नावाची साधी लागरच पितो हे सांगणार नाही.

घरी न्यायचं असेल तर हिशोब सोपा आहे. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत दारू ड्यूटीशिवाय नेता येते, ३३ सेंटिलिटरच्या सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर, बरोब्बर बसतं. माझ्या सहा: दोन ऑर्वाल, त्यातली एक लगेच उघडायची आणि एक वर्षभर अंधारात ठेवायची, एक वेस्टमाले ट्रिपेल, एक बर्नार्डस आब्ट १२, एक रोशफोर ८, आणि बूनची औदे ग्यूझ, तिची छोटी पाव लिटरवाली घ्या, ३७.५ वाली घेतली तर २५ मिलीने हिशोब चुकतो आणि कस्टमवाल्याशी त्यावर वाद घालायची हौस नको. प्रत्येक बाटली मोज्यात घालून चेक-इन बॅगेत मधोमध. पोचल्यावर दोन दिवस उभी ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल, मग एका दमात हळू ओता आणि तळातला बोटभर भाग बाटलीतच ठेवा, तो वेगळा प्यायला हरकत नाही, इथे बरेच जण पितात. हुगार्डन आणि स्टेला बॅगेत भरू नका, त्या तिकडे मिळतात.